हिरव्याच्या पोटी निळे

बजरीगर पाहावयास येणाऱ्या मंडळींपैकी बहुतेकांची अशी समजूत असते की, निळ्या नराशी पिवळ्या मादीची जोडी लावली म्हणजे दोन रंग कालवावेत त्याप्रमाणे हिरवी पिल्ले निपजावीत. आणि शिकवणाऱ्याची पंचाईत करणारी गोष्ट ही की, काळ्या डोळ्यांच्या जुन्या पिवळ्या जातीतली मादी घेतली तर पिल्ले खरोखरच हिरवी निपजतात. उत्तर बरोबर आणि रीत सर्वस्वी चूक, असा हा मामला आहे. कारण अशी हिरवी पिल्ले वाढवून पुढे त्यांच्या जोड्या लावल्या (सख्ख्या भावंडांच्या नव्हेत, दोन निराळ्या घरांतल्या), तर पुरेशी पिल्ले हाती आल्यावर दर सोळांमागे नऊ हिरवी, तीन निळी, तीन पिवळी आणि एखादे पांढरे असे प्रमाण दिसू लागते. कालवलेला रंग पुन्हा सुटा होत नाही. वंशातला होतो, आणि तोही तिळमात्र न विटता.

या पक्ष्याचा जन्मजात रंग हिरवा. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील रुक्ष प्रदेशात पाणी आणि गवताचे बी शोधीत हिंडणारे त्याचे थवे आजही हिरवेच आहेत. मुख तेवढे पिवळे, आणि डोक्यावर व पाठीवर काळ्या रेघा. परंतु त्या हिरव्या पिसात हिरवे असे द्रव्य मुळीच नाही. पिसाच्या बाह्य आवरणात पिवळे द्रव्य असते. त्याच्या आतील केराटिनाची सूक्ष्म सच्छिद्र रचना प्रकाशातील निळा अंश तेवढा परत फेकते. आणि तिच्याही मागे असलेले मेलॅनिन उरलेला प्रकाश गिळून टाकते. आतून परतलेला निळा प्रकाश पिवळ्यातून बाहेर येतो, तेव्हा आपणास हिरवे दिसते. पिवळे द्रव्य बनेनासे झाले की पक्षी निळा, मेलॅनिन उणावले की पिवळा, दोहोंची उणीव झाली की पांढरा. वर सांगितलेल्या जोडीत निळ्या बापाजवळ मेलॅनिन शाबूत असते आणि पिवळ्या आईजवळ पिवळे द्रव्य. एकाची तूट दुसऱ्याने भरून निघते आणि पिल्लू पूर्ववत हिरवे होते, इतकेच. निळ्या पक्ष्यात नेमके काय ढळले आहे हेही 2017 साली अमेरिकेतील संशोधकांनी शोधून काढले: पिवळे द्रव्य घडवणाऱ्या विकरात एका जागी एकच अमिनो आम्ल बदललेले असते. गिऱ्हाईक ज्यांच्यासाठी चढे दाम मोजते ते हे रंग अशा रीतीने अभावातून उत्पन्न झालेले आहेत. सर्वसंपन्न पक्षी एकच, तो रानातला हिरवा, आणि बाजारात त्यालाच कोणी विचारीत नाही.

जॉन गुल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने 1840 साली जिवंत बजरीगर इंग्लंडात नेले. त्यानंतर युरोपातल्या पिंजऱ्यांत प्रथम पिवळे, मग 1880 च्या सुमारास बेल्जियममध्ये निळे निपजले. परंतु निळ्यांचे लंडनच्या लोकांना दर्शन घडायला 1910 साल उजाडावे लागले, आणि पुढे 1920 नंतरच्या दशकात जपानातल्या शौकिनांनी त्यांच्यासाठी अवाच्या सवा किमती मोजल्या. या सगळ्या धांदलीत मला ज्याचे विशेष अगत्य वाटते तो गृहस्थ म्हणजे ब्रेमेन येथील शाळामास्तर हान्स डुंकर. त्याने एका धनिक व्यापाऱ्याच्या पक्षिगृहात जोड्या लावून, पिल्ले मोजून, बजरीगरांच्या रंगांना मेंडेलचे नियम कसे लागू पडतात हे पद्धतशीर मांडले. पक्षी दुसऱ्याचे, नोंदी याच्या. आणि आज आम्ही ज्यांच्या आधारे चालतो त्या या नोंदीच होत.

महसूल खात्यात कारकुनी करण्यात माझी हयात गेल्यामुळे असेल, पण या छंदात माझे मन जे रमले ते पक्ष्यांच्या बरोबरीने त्यांच्या दप्तरात. जमिनीवर वहिवाट एकाची दिसते आणि जुन्या फेरफारात हक्क भलत्याच इसमाचा निघतो, त्यातलाच हा प्रकार: पिसांवर दिसते ती वहिवाट, आणि हक्काचा दाखला वंशावळीत. हिरव्या दिसणाऱ्या पक्ष्याच्या पोटी निळा दडलेला असू शकतो. अशा पक्ष्याला आमच्यात ‘स्प्लिट’ म्हणतात. दोन स्प्लिट हिरव्यांच्या जोडीस जी पिल्ले होतात त्यांत सरासरीने चारांत एक निळे असते. उरलेल्या तीन हिरव्यांपैकी दोन स्प्लिट आणि एक शुद्ध, पण कोणते कोणते हे जगातला कोणताही जाणकार नुसत्या डोळ्यांनी सांगू शकत नाही. त्याची परीक्षा एकच. त्या हिरव्याला निळा जोडीदार द्यावा आणि वाट पाहावी. एक जरी निळे पिल्लू निघाले तरी निकाल लागला. परंतु लागोपाठ पाच पिल्ले हिरवी निघाली तरी पक्षी शुद्धच, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण स्प्लिट पक्ष्यालाही पाचही पिल्ले हिरवी होण्याचा संभव बत्तिसांत एक इतका राहतोच. पुरावा निळ्याचा पूर्ण असतो. हिरव्याचा कायम काहीसा अपुरा.

आणि या सगळ्या हिशोबाची अट ही की बाप कोण हे निश्चित ठाऊक असले पाहिजे. एका मोठ्या पिंजऱ्यात पाचपन्नास पक्षी सोडून भिंतीला मडकी टांगायची आणि जे निपजेल ते विकायचे, ही आपल्याकडची सर्रास रीत. तीत मादी मडके एकाचे आणि संग दुसऱ्याचा असे खुशाल करते, आणि मग त्या पिल्लांच्या वंशाविषयी शपथेवर काही सांगता येत नाही. म्हणून रंगाचे काम करणाऱ्याने एका पिंजऱ्यात एकच जोडी ठेवावी. मादी दिवसाआड एक याप्रमाणे चारसहा अंडी घालते; अठराव्या दिवसाच्या सुमारास पहिले फुटते; पिल्लू आठवड्याचे झाले की पायात बिनसांध्याचे कडे चढवावे, आणि त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नव्हे, कड्याचा क्रमांक, जोडीचा क्रमांक आणि अंड्याची तारीख वहीत उतरवावी. राळे, बाजरी, समुद्रफेस, कोथिंबीर यांची व्यवस्था काय, कोणीही ठेवील. माणसाची परीक्षा होते ती या वहीत.

लाल डोळ्यांच्या पिवळ्या पक्ष्यांचे, म्हणजे लुटिनोंचे, प्रकरण निराळे आहे. पक्ष्यांमध्ये नराजवळ लिंगनिश्चितीची दोन सारखी गुणसूत्रे असतात आणि मादीजवळ त्यांतले एकच. लुटिनोचा गुण नेमका त्या गुणसूत्रावर बसलेला. परिणामी मादीला काही लपवताच येत नाही: गुण असला तर ती लुटिनो दिसते, नसला तर नसतोच. लुटिनो नराला हिरवी मादी दिली तर मुली सगळ्या लुटिनो आणि मुलगे सगळे हिरवे पण स्प्लिट, असा चोख निकाल लागतो; डोळे उघडण्यापूर्वीच बंद पापणीआडून लालसर झाक दिसते आणि नरमादीचा प्रश्न तिथेच मिटतो. ‘लुटिनो स्प्लिट मादी’ म्हणून जर कोणी पक्षी विकू लागला, तर त्याला नमस्कार करून पुढच्या दुकानात जावे. या गुणात एक तोटाही आहे. तो मेलॅनिनच पुसून टाकीत असल्यामुळे खालचे सारे झाकून जाते. लुटिनोच्या अंगी साधा हिरवा आहे की ऑलिव्ह, पांढऱ्या अल्बिनोच्या अंगी आभाळी आहे की जांभळट, हे वहीवाचून कळावयाचे नाही.

परंतु माझ्या मते या विद्येतले सर्वांत रम्य प्रकरण म्हणजे गडदपणाचे. 1915 साली फ्रान्समध्ये तुलूझ येथे गडद हिरवे पक्षी निपजले, आणि त्यांचा तो गुण वर्चस्व गाजवणारा नाही की दबून राहणारा नाही असा निघाला. एक मात्रा असली तर हिरव्याचा गडद हिरवा आणि आभाळीचा कोबाल्ट होतो, दोन असल्या तर ऑलिव्ह आणि मॉव्ह. त्यामुळे दोन कोबाल्ट एकत्र केले म्हणजे सर्व पिल्ले कोबाल्ट, असे समजणाऱ्यास निम्म्या पिल्लांवरच समाधान मानावे लागते. पण खरी मौज पुढेच आहे. हा गुण आणि निळ्याचा गुण एकाच गुणसूत्रावर शेजारी राहतात आणि बहुधा एकमेकांची साथ सोडीत नाहीत. म्हणून निळा पोटी असलेले दोन गडद हिरवे पक्षी, पिसापिसाने सारखे असूनही, आभाळी जोडीदाराशी जोडले असता भिन्न वंश देतात: ज्याला गडदपणा हिरव्या पालकाकडून आला त्याची पिल्ले बहुतांशी गडद हिरवी आणि आभाळी, आणि ज्याला तो निळ्या पालकाकडून आला त्याची बहुतांशी साधी हिरवी आणि कोबाल्ट. मधूनमधून शेजाऱ्यांची ताटातूट होते आणि अपवाद निघतात, ही गोष्ट वेगळी. पक्ष्याकडे तासभर टक लावून बसले तरी या फरकाचा थांग लागत नाही. वहीचे पान मात्र क्षणात सांगते.

अलीकडे प्रदर्शनी पक्ष्यांची हौस वाढली आहे. डोक्यावर पिसांचा डोलारा, चोच अर्धी झाकलेली, अंग भरदार. दिसावयास ऐट असते हे खरे. पण त्या ऐटीसाठी पिढ्यान्‌पिढ्या जवळच्याच नात्यात जोड्या लावल्या जातात, आणि त्याच घराण्यांत कधी कधी ज्याची पिसे वाढायची थांबतच नाहीत असे पिल्लू निपजते. त्याला उडता येत नाही, धड दिसत नाही, आणि ते सहसा वर्षभरही जगत नाही. रंगांच्या बाबतीतही दोन फिकट पक्षी पिढीमागून पिढी एकत्र करीत राहिले तर अंगकाठी आणि पिसांचा कस उतरत जातो, असाच माझा अनुभव आहे. जुन्या जाणत्यांचा नेम असा की, दोनतीन पिढ्यांनी एकदा वंश थोराड, चांगल्या पिसाच्या हिरव्याकडे परत न्यावा. एका पिढीपुरता रंग आत दडतो, हातचे वर्ष गेल्यासारखे वाटते, परंतु पुढच्या पिढीत जे निळे निघतात त्यांची छाती पाहण्यासारखी असते. ज्याला हे एक वर्ष सोसवत नाही त्याने रंगाच्या कामात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडचा रानपोपट पिंजऱ्यात ठेवणे वन्यजीव कायद्याने गुन्हा असल्यामुळे पुष्कळ कुटुंबे आता मुलांसाठी बजरीगरच घेतात, आणि बाजारात त्यांना ‘लव्हबर्ड’ या नावाने वाटेल तो रंग वाटेल त्या वंशाचा म्हणून दिला जातो. तेव्हा खरेदीस जाणाऱ्या वाचकांना एवढीच विनंती की, रंग पाहण्यापूर्वी आईबापांच्या कड्यांचे क्रमांक विचारावेत. विकणाऱ्याने वही काढून दाखवली तर दोन पैसे अधिक द्यावेत. नाही दाखवली, तर साधी हिरवी जोडी घ्यावी. ती स्वस्त पडते, आणि प्रकृतीने बहुधा सर्वांत खणखणीत निघते.