बाई आल्या, बाई आली

मराठीत ‘बाई’ हा शब्द मानाचाही आहे आणि अवमानाचाही. कुठे कोणता, हे बहुधा क्रियापद सांगते. शाळेत ‘बाई आल्या’ म्हणतात, स्वयंपाकघरात ‘बाई आली’. शिक्षिकेबद्दल ‘बाईंना विचार’, भांडी घासणारीबद्दल ‘बाईला सांग’. कागदावर फरक एवढाच, एक अनुस्वार आणि ‘ला’ऐवजी ‘ना’. शाळेत शिक्षिका कितीही असल्या तरी मुले ‘सगळ्या बाई’ म्हणतात. खुरपणीला मात्र ‘बाया’ लावल्या जातात.

नावाला जोडून येणारे ‘बाई’ पिढ्यान्‌पिढ्या आदराचे राहिले आहे. अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, सावित्रीबाई ही नावे त्याशिवाय उच्चारवत नाहीत. 1882 साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून स्त्रीला एक माप आणि पुरुषाला दुसरे का, असा जाब विचारणाऱ्या ताराबाई शिंदे यांच्याही नावात ते आहे. नाव गळाले की मात्र शब्दाची उतरण सुरू होते. ‘बाई ठेवली’, ‘बाईच्या नादी लागला’, ‘बाई-बाटली’ या प्रयोगांत कोणी माणूस उरतच नाही, उरते फक्त पुरुषाचे व्यसन. पुरुषाला हिणवायचे तर ‘बायकी’ म्हणायचे आणि निष्क्रिय अधिकाऱ्याला मोर्चाने बांगड्यांचा आहेर करायचा, हेही त्याच उतरणीवरचे. हे प्रयोग निदान उघड आहेत, त्यांना कोणी हरकत घेऊ शकते. ‘बाई आली’ला कोणी हरकत घेत नाही, आणि म्हणूनच ते अधिक खोल जाते.

प्रस्तुत लेखिकेने हे दोन्ही वापर एकाच घरात ऐकले. तिची आई पुण्यात चार घरची धुणीभांडी करत असे, आणि लेखिका पुढे मराठी शाळेत शिक्षिका झाली. सकाळी दोघी एकाच वेळी बाहेर पडत. एक ‘आल्या’ होण्यासाठी जाई, दुसरी ‘आली’ होण्यासाठी.

आईच्या कामाच्या एका घरी फ्रीजशेजारी दिनदर्शिका टांगलेली असे. तारखांच्या चौकटींत निळ्या पेनाने खाडे मांडलेले: दुधाचा ‘दू’, पेपरचा ‘पे’ आणि आईचा ‘बा’. महिनाअखेर तिघांचा हिशेब एकदमच होई. कित्येक वर्षे काम करूनही त्या भिंतीवर आईचे नाव कधी आले नाही. दार उघडणारा नातू तिथूनच ओरडे, ‘आजी, बाई आली!’ याच मुलाने ‘काका आला’ म्हटले की घरातले त्याला लगेच टोकत, ‘काका आले म्हणावं.’ आजीच्याच वयाच्या बाईसाठी त्याला कोणी टोकले नाही. मुलाला यात दोष देता येत नाही. आदर कोणापर्यंत पोचवायचा आणि कुठे थांबवायचा, हे त्याला मोठ्यांनीच शिकवले होते.

एकेरी संबोधन मुळात अपमानाचे नाही. आईला एकेरी, विठ्ठलाला एकेरी, जिवलग मैत्रिणीलाही एकेरीच. पण तिथे दोन्ही बाजूंनी सलगी असते. एका बाजूने ‘अगं’ आणि दुसऱ्या बाजूने ‘अहो’ असेल, तर ती पायरी आहे. अनेक घरांत मुले ‘आई आली, बाबा आले’ असेच बोलतात आणि नवरा-बायकोतही हेच चालते. म्हणजे धुणीभांडी करणारीच्या वाट्याला येणारे क्रियापद त्या घरातल्या मालकिणीच्याही ओळखीचे असते. तरीही तिनेच ते खाली उतरवावे, हे फार वेदनादायक आहे.

अलीकडे ‘बाई’ऐवजी ‘मावशी’ किंवा ‘ताई’ म्हणण्याची रीत पडली आहे. हेतू चांगला असतो. पण नात्याच्या शब्दाला एकेरी क्रियापद शोभून दिसते, त्यामुळे ‘मावशी आली का?’मध्ये पायरी तशीच राहते, फक्त नजरेआड होते. समोर ‘मावशी’ म्हणणाऱ्याच्या मोबाइलमध्ये नंबर ‘भांडीवाली’ किंवा ‘पोळीवाली’ या नावाने असतो. एका सोसायटीत लिफ्टशेजारी ‘कामवाल्या बायकांनी जिन्याचा वापर करावा’ अशी पाटी होती. तिथेही घरोघरी ‘मावशी’च म्हणत.

1980 साली पुण्यात घरकाम करणाऱ्या स्त्रियांनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. ‘मोलकरीण’ हा इतरांनी तुच्छतेने वापरलेला शब्द त्यांनी स्वतःच्या नावात घेतला. मोल घेऊन काम करणारी, तेव्हा मोल ठरवण्याचा हक्कही तिचा. पुढे राज्याने 2008 मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, आणि कायद्याच्या भाषेत तरी ती ‘कामगार’ झाली. घरात हा शब्द अजून आलेला नाही. लेखिकेची आई स्वतःबद्दल ‘मी कामाला जाते’ एवढेच म्हणे. ‘बाई’ म्हटल्याचा राग येतो का, असे विचारल्यावर ती म्हणाली होती, ‘बाई म्हणू देत गं, पण ए बाई कशाला? ओ बाई म्हणावं.’

शाळेत आदरार्थी बहुवचन शिकवताना सहसा गुरुजी, आजोबा, महाराज यांची वाक्ये दिली जातात. लेखिकेने एकदा फळ्यावर ‘भांडी घासणाऱ्या बाई आल्या’ असे लिहिले. वर्गात चुळबुळ झाली. एका मुलीने विचारले, ‘बाई, त्यांनापण आल्या म्हणायचं?’ व्याकरणात याला कोणतीही आडकाठी नाही. क्रियापदाचे हे रूप आदर दाखवते, आणि तो कामावरून ठरवावा असा नियम कुठेही लिहिलेला नाही. त्या दिवशीच्या गृहपाठात मुलांनी आपापल्या घरी कामाला येणाऱ्या बाईंचे नाव विचारून त्यांच्याबद्दल पाच वाक्ये लिहायची होती. बऱ्याच वह्यांत नावाची जागा कोरी होती, कारण घरात कोणालाच ते ठाऊक नव्हते. ज्या वह्यांत नाव लिहून आले, त्यांत क्रियापद आपोआप आदरार्थी झाले होते.