मोटारीचा डौल

शनिवार उजाडला की आमच्या मढला मोटारींची रीघ लागते. मार्वे, आक्सा, एरंगळ करीत त्या एकामागून एक येतात आणि समुद्राकडच्या बंगल्यांच्या फाटकांत नाहीशा होतात. कुणाच्या नाकावर तीन टोकांची चांदणी, कुणाच्या एकात एक अडकवलेल्या चार कड्या. आमच्या शाळेतल्या पोरांना तेरांचा पाढा येवो न येवो, या खुणा मात्र तोंडपाठ! दोन्ही बाजूंना बोंबील वाळत टांगलेले आणि मधून ती काळीभोर, गुळगुळीत वस्तू काचा वर करून संथपणे चाललेली. काचा वर का, ते सांगायला नको.

गेल्या उन्हाळ्यात अशीच एक मोटार माझ्या दारी यायच्या बेतात होती. मेहुण्यांच्या ओळखीचे एक व्यापारी आपली सात वर्षांची जर्मन गाडी विकणार होते आणि किंमत सांगत होते एका नव्या लहान गाडीएवढी. मेहुणे म्हणाले, “दाजी, चार कादंबऱ्या लिहिल्यात, पण अजून बसच्या रांगेत उभे राहता. या गाडीतून उतरलात तर माणसे उठून उभी राहतील!”

मला मोटार हवी होती ती वेगळ्याच कारणासाठी. आईला दमा आहे. दिवसा वर्सोव्याची तर पाच-दहा मिनिटांत पैलतीरी नेऊन सोडते. रात्री ती बंद झाली की मालाडवरून वळसा घालण्यावाचून गत्यंतर नसते. दोन वर्षांपूर्वी एका रात्री रिक्षा मिळायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासातला आईच्या श्वासाचा आवाज मी अजून विसरलेलो नाही.

तरीही मेहुण्यांचे बोलणे मनात घर करून बसले. ऐटीला नावे ठेवणाऱ्यांपैकी मी नव्हे. दादरच्या चाळीतून वर आलेल्या भगवानदादांनी 1951 साली ‘अलबेला’ काढला, तो तुफान चालला, आणि मग आठवड्याच्या सात वारांना सात मोटारी ठेवल्या, असे सांगतात. पुढे दिवस फिरले. बंगला गेला, मोटारी गेल्या, दादा पुन्हा दादरच्या चाळीत राहायला आले. ही गोष्ट सांगताना लोक मान हलवतात, पण त्या सात मोटारी सांगताना त्यांचे डोळे चमकतात, हे मी पाहिले आहे. गरिबीतून आलेल्या माणसाला आपण वर आलो हे चारचौघांना दिसावेसे वाटते. त्यात गैर ते काय?

पण मी मास्तर. कागद घेऊन हिशेबाला बसलो. विमा कंपन्यांच्या तक्त्यात मोटारीची किंमत पहिल्या सहा महिन्यांत 5 टक्के उतरते, वर्ष भरता भरता 15, आणि पाचवे वर्ष सरताना 50 टक्के. मोठी गाडी स्वस्तात मिळते ती यामुळे. मात्र गाडीची किंमत उतरली म्हणून तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. ती गाडी घेणाऱ्याला लहान गाडीच्या किमतीत मिळते. तिचा दिवा फुटला की तो मोठ्या गाडीच्याच किमतीत आणावा लागतो. शिवाय अपघातात रबर-प्लॅस्टिकच्या भागांची निम्मीच भरपाई मिळते, ती वेगळी. तृतीय पक्षाच्या विम्याचे 2022 साली ठरलेले दर पाहिले: 1000 सीसीच्या आतल्या गाडीला वर्षाला 2,094 रुपये, 1500 सीसीच्या वरच्या गाडीला 7,897. हा फरक मी सोसला असता. पण काही जर्मन गाड्यांत जादा चाकच नसते, हे कळले तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवली. मढच्या रस्त्यावर, रात्री, चाकाविना!

मग एका जुन्या गॅरेजवाल्याला भेटलो. त्याचे सारे आयुष्य फियाटी दुरुस्त करण्यात गेले. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ती 1089 सीसीची गाडी. 1974 च्या सुमारास तिचे नाव ‘पद्मिनी’ झाले. तिला डौल असा नव्हताच, पण या शहराची टॅक्सी म्हणून तिने अर्धे शतक काढले. कारण साधे होते. ती बंद पडली तर कोणत्याही झाडाखाली, कोणीही, एक पान्हा आणि थोडी तार घेऊन तिला चालू करी. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपताच 2023 साली रस्त्यावरून गेली. गॅरेजवाला म्हणाला, “मास्तर, तुमची ती जर्मन आजारी पडली की आधी संगणक लावून तिला विचारावे लागते, बाई, कुठे दुखते?” न्यायाने सांगायचे तर त्याने एवढेही कबूल केले की टक्कर झाली तर तो स्वतः जर्मन गाडीतच असणे पसंत करील.

आमच्या आळीतल्या तांडेलाला हा सारा वाद फुकट वाटला. बोटीचे इंजिन घेताना तो एकच गोष्ट बघतो: बिघडले तर सामान बंदरावर मिळते की मुंबईहून मागवावे लागते. “आणि खारा वारा, मास्तर? लोखंड कुणाचे आहे ते तो विचारत नाही.” बंगलेवाल्यांच्या गाड्या सोमवारी परत जातात, माझी तर बारा महिने इथल्याच वाऱ्यात उभी राहणार. पाण्याचीही भीती होतीच. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, तो ज्याने पाहिला त्याला ती सांगायला नको. इंजिनात पाणी शिरून ते निकामी झाले तर साधा विमा सहसा हात वर करतो. त्यासाठी निराळी जोड घ्यावी लागते. मोठ्या इंजिनाचे असे झाले तर माझा कित्येक महिन्यांचा पगार गेला असता.

शेवटी हिशेब बायकोनेच मिटवला. ती म्हणाली, “रात्री दोन वाजता ती चालू होईल, असे कुणी लिहून देतो का?”

लहान गाडी घेतली. मेहुणे महिनाभर फारसे बोलले नाहीत. पुतणीच्या लग्नात हॉलच्या पहारेकऱ्याने दारासमोरची जागा दुसऱ्यांसाठी राखली आणि मला मागच्या गल्लीकडे हात केला. मला ते लागले. लागले नाही असे म्हणणे खोटे होईल.

श्रावणात एका रात्री अडीच वाजता आईला उचलून पुढच्या जागेवर बसवले. पहिल्याच किल्लीला गाडी चालू झाली. एरंगळपर्यंत पुढचे काही दिसत नव्हते इतका पाऊस. आक्साच्या वळणावर आईने माझे मनगट धरले ते मालाड येईपर्यंत सोडले नाही. आठव्या दिवशी ती घरी आली.

आता तिला कार्ल्याच्या एकवीरेला जायचे आहे. एवढीशी गाडी घाट चढेल का, असे मेहुणे विचारतात. चैत्रात तेही बरोबर येणार आहेत. मागच्या जागेवर पाय आखडून बसावे लागेल, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवले आहे.