वावराचा मक्ता आणि वाघाचा शेजार

चिमूर, सोमवार

ती. काकांस सा. नमस्कार.

परदेशात शेतकऱ्याकडून एकरी भावाने जमीन घेऊन तिथे हंगामभर शिकार करता येते, तशी जमीन चिमूरकडे कुणी मक्त्याने देईल का आणि काय भावाने, असं तुम्ही विचारलंत. सरळ उत्तर 'नाही' हेच आहे. पण त्या नकारामागे भावाचा एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि या भागात तो जीवनमरणाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. टेक्सासमध्ये शिकारी शेतकऱ्याला पैसे मोजतो तेव्हा तो हरिण विकत घेत नाही. हरिण तिथेही शेतकऱ्याचं नसतं, ते राज्याचं असतं आणि मारायचा परवानाही राज्यच देतं. शेतकऱ्याच्या हातात असते ती फक्त वाट: आपल्या कुंपणाच्या आत कुणाला पाऊल ठेवू द्यायचं, हे तो ठरवतो. मक्ता या वाटेचा असतो. आणि जिथे हरिण जास्त, तिथे वाटेचा भाव जास्त, म्हणून शेतकरी पाणवठा राखतो, झुडपं तोडत नाही, एखादा तुकडा मुद्दाम पडीक ठेवतो. शिकारीबद्दल कुणाचं मत काहीही असो, हा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. तिथल्या शेतकऱ्याच्या वहीत रानातलं जनावर जमेच्या बाजूला येतं.

चिमूरच्या शेतकऱ्याच्या वहीत ते फक्त खर्चाच्या बाजूला आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती; १९९१च्या दुरुस्तीने ते परवाने संपले. आता कलम ९ने शिकार बंद आहे, आणि कायद्याच्या व्याख्येत शिकार म्हणजे नुसती गोळी नव्हे. फासा लावणं, विष घालणं, हाकून नेणं, आमिष ठेवणं हे सगळं त्यात बसतं. जागा खासगी असली तरी फरक पडत नाही. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला किंवा रोह्याला मारायची परवानगी कलम ११खाली मिळू शकते, पण मारलेलं जनावर कलम ३९नुसार सरकारजमा होतं. म्हणजे परवानगी मिळाली तरी नुकसान थोडं कमी होईल, उत्पन्न एक रुपयाचं होणार नाही. तेव्हा शिकारीसाठी जमिनीचा मक्ता कुणी करून देतो म्हणाला, तर तो गुन्ह्याचा करार असेल आणि त्याला भाव असूच शकत नाही.

तुम्ही म्हणाल, पूर्वी हाच चांदा, म्हणजे आताचा चंद्रपूर जिल्हा शिकारीसाठी प्रसिद्ध होता. होता. पण तेव्हाचा पैसा कुणाकडे गेला ते पाहा. इंग्रजी अमलात सरकारी जंगलाचे शिकारीसाठी ब्लॉक पाडलेले होते, परवाना घेऊन साहेब यायचा आणि फी सरकारी खजिन्यात जायची. मालगुजार आणि जमीनदारांची स्वतःची जंगलं होती. १९५१ साली मालगुजारी-जमीनदारी गेली आणि तीही सरकारकडे आली. स्वातंत्र्यानंतर परदेशी पाहुण्यांसाठी शिकारीच्या सफरी आखणाऱ्या कंपन्या निघाल्या. पुढे केंद्रीय मंत्री झालेल्या विद्याचरण शुक्लांची 'अल्विन कूपर' मध्य भारतातल्या जंगलांत हेच काम करत असे. ताडोब्यात शिकार १९३५ साली थांबली, १९५५ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९७० साली देशभर वाघाच्या शिकारीला बंदी आली. या साऱ्या काळात रयतेच्या वाट्याला आली ती हाकाऱ्याची मजुरी. ज्याच्या धुऱ्यावरून सांबर जंगलात शिरायचं, त्याला त्या सांबराचा भाव कधी मिळालाच नाही. शिकार गेली म्हणून शेतकऱ्याचं उत्पन्न बुडालं, असं म्हणता येणार नाही. ते त्याच्याकडे आलंच नव्हतं.

तुमची पुतणी


कोलारा, बुधवार

ती. काकांस सा. नमस्कार.

चिमूरहून कोलाऱ्याकडे येताना भावाचा प्रश्न रस्त्यावरच मांडलेला दिसतो. कोलारा, नवेगाव, रामदेगी, अलीझंझा, मदनापूर ही ताडोब्याची या बाजूची प्रवेशद्वारं. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प १९९५चा. गाभा सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा, आणि २०१०मध्ये त्याभोवती अकराशे चौरस किलोमीटरचं बफर आलं, ज्यात गावं आहेत, वावरं आहेत, माणसं आहेत. प्रवेशद्वाराजवळच्या रस्त्यालगत रिसॉर्ट उभी राहिली. म्हणजे वाघामुळे जमिनीला भाव येतो, हे सिद्ध करायला आता आकडेवारीची गरज नाही. पण हा भाव शेतकऱ्याला एकदाच मिळतो, जमीन विकताना. विकल्यावर ती जमीन गेली, आणि पुढच्या वर्षांची वाढ घेणाऱ्याची झाली. आत किलोमीटरभर असलेल्या वावराला तर तेवढंही मिळत नाही. तिथे चितळं तीच, डुकरं तीच, त्यांच्यामागे येणारा वाघही तोच. पण रस्ता नाही म्हणून गिऱ्हाईक नाही. जनावराला जगवणारी जमीन एकाची आणि त्याचा मोबदला घेणारी जमीन दुसऱ्याची, अशी ही वाटणी आहे.

माझं म्हणणं असं की शिकारीच्या मक्त्याचा हिशेब इथे शिकारीवाचून वापरता येईल. जंगलाला लागून असलेलं वावर शेतकऱ्याने विकू नये. दर वर्षी ठरलेल्या मक्त्याने ते गवताला सोडावं, आणि वाघ पाहायला येणाऱ्यांकडून मिळणाऱ्या पैशातून तो मक्ता चुकता व्हावा. सातबारा त्याच्याच नावावर राहील. भाव किती? हिशेबासाठी एकरी सहा क्विंटल सोयाबीन धरू. २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे एकरी ३२ हजारांच्या आसपास. त्यातून बी, खत, फवारणी, निंदण, सोंगणी, मळणी वजा करून १४ हजार उरतात असं समजू. हे पीक पूर्ण हाती आलं आणि हमीभावाने विकलं गेलं तर. बाजारात भाव पुष्कळदा त्याखालीच असतो. आता जागल धरा. शेंगा भरल्यापासून सोंगणीपर्यंत चाळीस रात्री दोन माणसं मचाणावर बसतात. रात्रीचे माणशी ३०० रुपये लावले तर चार एकरांच्या तुकड्यामागे २४ हजार, एकरी ६ हजार. ही मजुरी कुणी कुणाला देत नाही, म्हणून ती कुठल्याच वहीत दिसत नाही. पण बाप आणि मुलगा रात्रभर वाघाच्या रानात जागे असतात, हा खर्च नाही तर काय? तो धरला की हातात उरतात ८ हजार.

म्हणून मक्ता ८ हजारांचा ठरवावा, असं मात्र मी म्हणणार नाही. माणसाच्या झोपेची बचत त्याच्याच पदरात राहावी. तेव्हा खालची मर्यादा १४ हजार. वरची मर्यादा सरकारनेच घालून दिली आहे. सौर कृषी वाहिनी योजनेत प्रकल्पासाठी घेतलेल्या जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, म्हणजे एकरी ५० हजार रुपये भाडं आणि दर वर्षी ३ टक्के वाढ मिळते. उन्हाला एकरी ५० हजार देता येतात, तर गवताला आणि चितळाला काहीच नाही, हे मला पटत नाही. फरक एवढाच की सौर प्रकल्प जमीन पंचवीसेक वर्षं अडकवतो आणि तिच्यात खांब रोवतो; गवताचं वावर हवं तेव्हा पुन्हा नांगरता येतं. म्हणून मधला, एकरी २५ हजारांचा भाव मला न्याय्य वाटतो. चारशे एकरांना वर्षाला एक कोटी होतात. जिथे एका खोलीचं एका रात्रीचं भाडं हजारांत मोजतात, तिथे रिसॉर्ट आणि प्रवेश शुल्क मिळून हा बोजा उचलू शकतील. शिवाय सरकारचा पैसा आजही जातोच आहे. वन्य प्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर कुटुंबाला २५ लाख मिळतात, पिकाची भरपाई वेगळी, सौर कुंपणाचं अनुदान वेगळं. पण भरपाई नुकसान झाल्यावरच हाती येते, आणि शेतकऱ्याला पंचनाम्याची वाट पाहावी लागते. मक्ता आधी मिळतो.

जमीन शोधणं हे भाव ठरवण्याइतकंच नाजूक काम आहे. सातबाऱ्यावर भोगवटदार वर्ग १ की वर्ग २ ते आधी पाहावं लागतं. पूर्व विदर्भात 'झुडपी जंगल' म्हणून नोंदलेल्या जमिनी जागोजागी आहेत; मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वनजमिनीच ठरवल्या, तेव्हा त्यांचा खासगी मक्ता होऊ शकत नाही. आदिवासी शेतकऱ्याची जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ खाली येते, बिगर आदिवासीला ती परवानगीशिवाय भाड्यानेही देता येत नाही. सप्टेंबर २०२५मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी गडचिरोलीत घोषणा केली की आदिवासींना जमीन खासगी भाडेपट्ट्याने देता येईल आणि किमान दर एकरी वर्षाला ५० हजार राहील. त्यावर विरोधही झाला. भाड्याच्या नावाखाली जमीन हातची जाईल ही भीती निराधार नाही. म्हणून आदिवासींच्या वावरांना या योजनेत सुरुवातीला हात लावू नये असंच मला वाटतं. राहिली बिगर आदिवासी शेतकऱ्याची भीती: लेखी दिलं तर कूळ लागेल. त्यामुळेच इथे ठेका नि बटई तोंडी चालते. इथे मात्र जमीन कुणी कसणारच नाही. करार 'न पेरण्याचा' आहे, हे त्याच शब्दांत लिहिलं, तर कुळाचा दावा उभा राहायला जागाच उरत नाही.

तुमची पुतणी


गडचिरोली, शनिवार

ती. काकांस सा. नमस्कार.

तुमचा पहिला आक्षेप मला ठाऊक आहे: एवढा द्राविडी प्राणायाम कशाला, ठरावीक डुकरं आणि रोही मारायचा हक्कच शेतकऱ्याला विकू द्या, नामिबियात तसं चालतं. नामिबियाने १९९६च्या कायद्याने गावसंस्थांना वन्य प्राण्यांवर हक्क दिले आणि काही भागांत त्याचा फायदा झाला, हे खरं आहे. पण तिथे मैलोन् मैल माणूस नाही. चौरस किलोमीटरमागे तीन-चार माणसं. चंद्रपूर जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत ही संख्या १९३ होती. इथलं वावर दोन-चार एकरांचं, शेजारच्या वावरात बाया निंदतायत, उन्हाळ्यात पहाटे माणसं मोहफुलं वेचायला आणि मग तेंदूपत्त्याला रानात. बंदुकीच्या टप्प्यात माणूस नाही अशी जागा कुठे सापडणार? शिवाय बंदुकीला भाव आला की चोरट्या फाशाला आणि वीज सोडलेल्या तारेला आडोसा मिळेल. त्या तारेने डुकरांबरोबर वाघही मेले आहेत आणि माणसंही.

आपल्याला जवळचं उदाहरण नामिबियाचं नाही, केनियाचं आहे. केनियात १९७७पासून शिकार बंद आहे. मसाई मारा अभयारण्याभोवतीची सामायिक जमीन कुटुंबांत वाटली गेली, तेव्हा कुंपणं पडून रान तुटण्याची भीती निर्माण झाली. त्यावर तिथल्या जमीनमालकांनी २००६पासून ओलारे ओरोकसारखी राखीव क्षेत्रं उभारली: जमीन त्यांचीच, पर्यटन व्यावसायिक ती भाड्याने घेतात, भाडं मालकाच्या हाती पडतं आणि गुरं चारण्यावर ठरलेली बंधनं असतात. २०२०मध्ये साथीने पर्यटन थांबलं आणि या भाड्यांवर संकट आलं. हा धडा चिमूरने आधीच घ्यावा. एक वर्षाचा पूर्ण मक्ता बँकेत अनामत पडल्याशिवाय कुणीही नांगर टाकून देऊ नये.

सगळ्यात बळकट आक्षेप गावकऱ्यांचा आहे, तुमचा नाही. गवत वाढलं की चितळ येईल, चितळामागे वाघ येईल, आणि वाघ गावाच्या आणखी जवळ येईल. याला अर्धंच उत्तर माझ्याकडे आहे. वाघ आजही येतो. कपाशी आणि तूर छातीएवढी झाली की त्याला तिथे गवतापेक्षा चांगला आडोसा मिळतो, आणि त्याच वावरात वाकून काम करणारी माणसं असतात. माणसं नसलेलं गवत त्यापेक्षा कमी धोक्याचं. पण हे फक्त दोन बाजूंनी जंगल असलेल्या, सलग पन्नास-साठ एकरांच्या पट्ट्याला लागू पडतं, जिथे पांदण नाही, शाळेची वाट नाही आणि गावाच्या बाजूला गवत कापून मोकळी ठेवलेली पट्टी आहे. सुटे तुकडे घेतले तर गवताची बेटं होतील आणि शेजारच्याचं पीक आधी जाईल. ब्रह्मपुरी, सिंदेवाही भागांत गावंच जंगलाच्या पोटात आहेत. तिथे हा मक्ता करू नये, भाव कितीही मिळो.

दुसरी गोष्ट मजुरांची. वावर पडीक पडलं की निंदणाची, सोंगणीची मजुरी जाते, आणि मक्ता मात्र जमीनवाल्याच्या खात्यात जमा होतो. हे टाळायचं तर करार एकेका शेतकऱ्याने करू नये, ग्रामसभेने करावा, आणि ठरलेला हिस्सा भूमिहीनांचा असावा. ग्रामसभेला हे झेपेल का, असं विचारणाऱ्यांनी या जिल्ह्यांकडेच पाहावं. इथून जवळच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, २०११पासून ग्रामसभा स्वतःचा बांबू विकू लागली, आणि पुढे गावाने सगळी जमीन ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेकडे सोपवली. चंद्रपूरच्या गोंडपिंपरी तालुक्यातल्या पाचगावाने तर तेंदूपत्त्याचं उत्पन्न आपणहून सोडलं, कारण तेंदूसाठी झाडं छाटली जातात आणि रान जाळलं जातं. हातातला पैसा रानासाठी सोडणारं गाव न पेरण्याचा करार समजू शकत नाही, असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

मुदतीचं राहिलं. शिकारीचा मक्ता हंगामाचा असतो. गवताचा तेवढा छोटा चालणार नाही, कारण सोडलेल्या वावरात पहिल्या वर्षी तण माजतं आणि चरण्याजोगं गवत जमायला दोन-तीन पावसाळे जातात. तीस वर्षांचा केला तर तो विक्रीसारखाच होईल. पाच वर्षांचा करावा, दर वर्षी वाढ ठरवावी, आणि शेतकऱ्याला वावर परत हवं असेल तर त्याने होळीच्या आत कळवावं, म्हणजे खरिपाची नांगरट त्याच्या हाती राहील. इकडे सालगडी पाडव्याला ठरतो, जमिनीचे बोलही त्याच सुमारास होतात. त्यामुळे ग्रामसभांपुढे हे मांडायचं तर माघातच मांडायला हवं.

तुमची पुतणी