तिसगावचे औत

नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, सोडून पाथर्डीची वाट धरली की करंजीचा घाट लागतो. तो उतरला म्हणजे तिसगाव आलेच समजा. यात्रेकरू या बाजूने मढीला कानिफनाथांच्या दर्शनाला जातात. आम्ही 2025 च्या दिवाळीआधी निघालो होतो तो सौभाग्यवतींच्या माहेरी, आणि वस्तीच्या अलीकडेच पायउतार झालो!

त्या सप्टेंबरात पाथर्डी तालुक्यात अतिवृष्टी झाली होती. ओढ्याने आपले पात्र सोडून वस्तीची वाटच पसंत केली होती. गुडघाभर गाळ, त्यात गोटे. दुधाच्या किटल्या दोघे मेहुणे डोक्यावरून सडकेपर्यंत नेत. पण पुढे ऊस निघायचा, तो काय डोक्यावरून न्यायचा?

घरी 45 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर होता. त्याला कोणते औत जोडावे यावर भावाभावांत अबोला होण्याची वेळ आलेली. (बैल गेले, तरी शब्द 'औत'च राहिला, याचे मला फार बरे वाटले.) धाकट्याला पुढे बसणारा लोडर हवा होता. बादलीत गाळ उचलायचा, ट्रॉलीत टाकायचा.

"भरली बादली उचलली की सगळा भार पुढच्या चाकांवर," थोरले म्हणाले. "मागं वजन बांधावं लागतंय. अन् दाजी, वर्षातनं त्याला काम किती दिवस?"

त्यांचे मत मागच्या ब्लेडला. ते हायड्रॉलिकवर उचलते, तिरपे करता येते, उन्हाळ्यात रान सपाट करायलाही चालते. खोट एवढीच, की मान मागे वळवून बसावे लागते.

आमचा भाचा मिशिगनला असतो. तिकडे हाच पेच बर्फाचा! पण बर्फ ताजे, भुसभुशीत असतानाच सारावे लागते. दबून गोठले की हलत नाही. गाळाचे उलटे. ओली काळी माती पात्याला चिकटते, चाके जागीच फिरतात. फार वाळली तर दगड. मधला वाफसा गाठायचा.

अखेर ब्लेडच आले. गोट्यांसाठी जेसीबी तासाच्या भाड्याने बोलावला. माझ्या मते हेच शहाणपणाचे. वाफसा आला त्या सकाळी धाकटे जरा घुश्शातच बसले, आणि गाळाचा वरंबा वाटेच्या कडेला सरकू लागला.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. "ती माती तिथं टाकू नका रे. वरच्या रानातली आपलीच हाये, परत रानात न्या."

ट्रॉली आली. आम्ही सर्वांनी, प्राध्यापकांसुद्धा, फावडी उचलली.

"लोडर असता तर..." धाकटे म्हणाले. थोरल्यांनी ऐकले नाहीसे केले.