भोपळ्यात कोण बसणार?

पुण्यात आता वाढदिवसाला थीम लागते. लेकीने फोनवर मला हे सांगितलं ते घरात गॅस सिलिंडर लागतो तशा सुरात. नात चार वर्षांची होणार होती. सोसायटीतल्या मुलांचे जंगल, समुद्र आणि अंतराळ उरकून झाले होते, तेव्हा हिच्यासाठी ‘स्टोरीबुक’ ठरलं. सजावटवाल्याने यादी पाठवली: सिंड्रेला, ॲलिस, स्नो व्हाइट, पीटर रॅबिट. नातीला विचारलं तर ती म्हणाली, “म्हातारीची.”

आता पंचाईत अशी, की ही गोष्ट तिने कुठल्या पुस्तकात पाहिलेली नाही. पुस्तकं घरात भरपूर आहेत. माधुरी पुरंदऱ्यांचं ‘राधाचं घर’ तर पानं सुटी होईपर्यंत वाचून झालंय. पण भोपळ्यातली म्हातारी मी दुपारी तिला थोपटताना सांगते, दरवेळी थोडी वेगळी. या गोष्टीला मुखपृष्ठ नाही, तिच्या म्हातारीच्या लुगड्याचा रंग ठरलेला नाही. सजावटवाल्याला मात्र चित्र हवं. “रेफरन्स इमेज पाठवा मॅडम,” असं तो दोनदा म्हणाला.

तरी त्याच्याकडे भोपळा निघाला. फायबरचा, नारिंगी, सोनेरी वेलबुट्टीचा: सिंड्रेलाची बग्गी. घोडे आणि चाकं काढून देतो, पैसे तेवढेच, असं त्याचं म्हणणं. लेकीला ते पटायला लागलं होतं. मला पटेना. शार्ल पेरोने 1697 मध्ये सिंड्रेला छापली तेव्हापासून तो भोपळा मुलीला राजवाड्यात पोचवतो, आणि त्यासाठी परीला कांडी फिरवावी लागते. आमच्या भोपळ्यावर कुणी कांडी फिरवत नाही. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत भोपळाच असतो. गोष्टीत जादू असलीच तर ती म्हातारीच्या जिभेत.

शिवाय माझी एक जुनी शंका होती. मंडईत मिळतो तो लाल भोपळा मूळचा अमेरिकेतला, युरोपियन दर्यावर्दी तिकडे जाऊन आल्यानंतरच आपल्याकडे पोचलेला. वजनाला हा जड, आत ओलसर गर. त्यात बसून म्हातारी रानातून कशी घरंगळणार? मला वाटतं, गोष्टीतला भोपळा दुधीच्या जातीतला असावा: वाळवलेला, पोकळ, हलका, लाकडासारखा टणक. पूर्वी विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला बांधत तो. पुरावा माझ्याकडे काही नाही, पण मी मिरजेची आहे, आणि मिरजेत असा भोपळा पाहण्यासाठी फार लांब जावं लागत नाही. तंबोऱ्याचा तुंबा त्याचाच असतो. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने हे भोपळे येतात आणि सतारमेकर गल्लीत दुकानांच्या छताला टांगलेले दिसतात. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गल्लीतल्या लोकांना त्याआधीही ठाऊक होतंच.) तिथल्या एका कारागिराकडे मी तडा गेलेला भोपळा मागितला. तंबोऱ्याला तो निरुपयोगी. त्याने कारण विचारलं, सांगितल्यावर हसला, पैसे घेतले नाहीत आणि बजावलं, “सामानाच्या फळीवर ठेवू नका, मांडीवर घ्या.”

अशी मी भोपळा मांडीवर घेऊन लेकीकडे निघाले. गाडीत समोरच्या बाईंनी माझ्याकडे, मग भोपळ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. त्यांनाही गोष्ट ठाऊक असणार.

पुण्यात पोचते तो वेगळाच प्रश्न वाढून ठेवलेला. पाहुण्या मुलांपैकी एकीच्या आईने लेकीला विचारलं होतं, वाघ म्हातारीला खाईन म्हणतो ते जरा बदलता येईल का? वाघ मित्र झाला तर? मुलं लहान आहेत.

मी बालवाडीत आयुष्य काढलं. गिजुभाई बधेकांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं, पुढे ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. त्या परंपरेत आम्ही एक गोष्ट शिकलो: कथा आनंदासाठी सांगायची, शेवटी उपदेशाची पुडी बांधून द्यायची नाही. वाघाला मित्र केलं की नेमकी ती पुडी तयार होते. आणि वाघाला भूकच नसेल तर म्हातारीला बोलायचं कारण काय? ती सरळ चालत लेकीकडे जाईल, जेवेल, परत येईल. ती प्रवासाची हकिगत झाली.

चार वर्षांच्या मुलाला या गोष्टीत काय आवडतं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. भोपळा आवडतोच, घरंगळणं आवडतं. पण खरी पकड त्याआधीच बसते, म्हातारी वाघाला म्हणते की आत्ता मी हाडकुळी आहे, लेकीकडे जाऊन धष्टपुष्ट होऊन येते, तेव्हा खा. ती ‘नाही’ म्हणत नाही. ‘नाही’ म्हणण्याची तिची ताकदच नाही. ती ‘नंतर’ म्हणते. आमची नात दिवसभर दुसरं काय करते? आंघोळ नंतर, दूध नंतर, झोप तर पुष्कळच नंतर. घरात सगळे तिच्याहून मोठे, सगळ्यांचं तिला ऐकावं लागतं, आणि तिच्या हातात वेळ मागून घेण्याएवढंच हत्यार आहे. त्या हत्याराने वाघाला फसवता येतं, हे तिला कळतं तेव्हा तिचे डोळे पाहावेत. मग म्हातारी सत्तर वर्षांची आणि ऐकणारी चार वर्षांची, हा फरक उरत नाही. लेकीने त्या आईला तेवढंच कळवलं, की वाघ भुकेलेलाच राहील, पण उपाशी परत जाईल. त्यावर तिकडून अंगठा आला.

मग सजावट झपाट्याने ठरली. बग्गी रद्द. फुग्यांची कमान ठेवली, कारण ती नसेल तर सोसायटीत चर्चा होते. भिंतीवर घोंगडी आणि माझ्या दोन जुन्या हिरव्या साड्या, म्हणजे रान. परतभेट म्हणून प्रत्येकाला एक पातळसं मराठी चित्रपुस्तक. केकबद्दल मी बोलले नाही, ते माझं राज्य नव्हे.

जेवण मात्र माझ्याकडे आलं, तेही नातीमुळे. “म्हातारी लेकीकडे काय खाते?” हा प्रश्न ती नेहमी विचारते आणि मी त्या दिवशी घरात जे असेल ते सांगते. या वेळी घारगे सांगितले. लाल भोपळा किसून गुळाबरोबर शिजवायचा, वेलदोडा घालायचा, गार झाल्यावर त्यात मावेल तेवढी कणीक आणि थोडं तांदळाचं पीठ मळायचं. पाणी घालायचं नाही, भोपळ्याचंच पुरतं. जाडसर थापून तळायचे. म्हणजे मंडईतल्या भोपळ्यालाही काम मिळालं: एक बसायला, एक खायला.

राहिला प्रश्न म्हातारी कोण होणार याचा. नात म्हातारी होणार हे उघड होतं. पण बाकीची झाडून सगळी मुलं वाघ झाली. कोल्हा व्हायला कुणी तयार नाही, लेक व्हायला तर नाहीच. पंधराएक वाघ आणि मध्ये एक म्हातारी, डोक्यावर माझा रुमाल बांधलेली. ती प्रत्येक वाघाला स्वतंत्रपणे तेच सांगत फिरली आणि प्रत्येकाने मान हलवून तिला सोडलं. भोपळ्यात ती मावली नाही. त्याच्यावर हात ठेवून शेजारी धावली, तेवढ्याने सगळ्यांचं समाधान झालं.

वाद झाला तो मोठ्यांमध्ये. एक आई म्हणाली, आमच्या आजीच्या गोष्टीत आधी लांडगा भेटायचा. दुसरी म्हणाली, छे, अस्वल. तिसरी कोलकात्यात वाढलेली. तिने उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या 1910 मधल्या ‘टुनटुनिर बोई’तली कुबडी म्हातारी काढली. ती लेकीकडे नव्हे, नातीकडे जाते, आणि तिचे कुत्रे तिला सोडवतात. मला इराणमधली भोपळेवाली म्हातारी आठवली, तिला सिंहसुद्धा भेटतो, पण मध्ये बोलायला फट मिळेना. लेकीचे सासरे तर हट्टालाच पेटले, की भोपळा शेवटी फुटतोच, फुटला पाहिजे. मेणबत्त्या लावायच्या राहिल्या होत्या. वाघांनी तोवर घारग्यांचा डबा उघडला होता.