सभासद नाही

क्वेकर माणसाची कबर शोधायला निघालात की पहिली अडचण दगडाची. तो बहुतेक वेळा नसतोच. देवासमोर सगळे सारखे, मग मेल्यावर एकाच्या डोक्याशी संगमरवर आणि दुसऱ्याच्या डोक्याशी नुसती माती कशाला, असं या पंथाचं म्हणणं. इंग्लंडमधल्या क्वेकरांनी साध्या, एकसारख्या दगडांना परवानगी दिली ती १८५० साली. आम्ही जिला शोधत होतो ती त्याआधीच गेली होती.

आम्ही म्हणजे मी आणि माझ्या इंग्लिश सासूबाई. ती म्हणजे त्यांची खापरपणजी. (यासाठी इंग्रजीत सुटसुटीत शब्द नाही, दोनदा 'ग्रेट' म्हणावं लागतं.) घरात तिची एकच गोष्ट सांगितली जायची: पंथाबाहेरच्या मुलाशी लग्न केलं म्हणून तिच्या माणसांनी तिला हाकललं आणि मेल्यावरही जवळ केलं नाही. या रागापायी सासूबाई सत्तर वर्षांत एकदाही क्वेकरांच्या सभागृहात गेल्या नव्हत्या. मला त्यांचा राग कळत होता. मी या घरात लग्न केलं तेव्हापासून साताऱ्याचे माझे आजोबा माझ्याशी बोलले नाहीत, शेवटपर्यंत.

दगड नसले तरी क्वेकरांकडे कागद भरपूर. लंडनच्या युस्टन स्टेशनसमोर फ्रेंड्स हाउस आहे, तिथल्या ग्रंथालयात जन्म, लग्न, दफन अशा सगळ्या नोंदींचे सारांश आहेत. १८४०च्या सुमारास मूळ वह्या सरकारकडे देण्याआधी त्यांनी ते करून ठेवले. महिन्यांना नावं नाहीत, आकडे आहेत. मार्च हे नाव रोमन युद्धदेवाचं, म्हणून नको; 'तिसरा महिना' म्हणायचं. तुमचा पूर्वज १७५२च्या आधीचा असेल तर मात्र सांभाळा, तेव्हा त्यांचा पहिला महिना मार्च असायचा, म्हणजे तिसरा झाला मे.

मासिक सभेच्या इतिवृत्तात ती सापडली. लग्न अँग्लिकन चर्चमध्ये लावलेलं. तेव्हाच्या कायद्याने अशा जोडप्याला दुसरा मार्गच नव्हता. सभेने दोन बायकांना तिच्याशी बोलायला पाठवलं. तिला पश्चात्ताप नाही, असं त्यांनी येऊन सांगितलं. मग तिचं नाव कमी केलं.

मी सासूबाईंना 'वाळीत टाकणं' समजावून सांगू लागले आणि मध्येच थांबले. हे तसं नव्हतं. सभासदत्व गेलं की कारभाराच्या बैठकीत बसता येत नसे, अडीअडचणीला पंथाची मदत मिळत नसे. पण मूक प्रार्थनेला जाऊन बसायला कुणी अडवत नसे. आपल्याकडे वाळीत टाकलेल्याच्या अंत्ययात्रेलाही माणूस येत नाही. महाराष्ट्राला त्याविरुद्ध २०१६ साली कायदा करावा लागला.

मग दफनाची नोंद मिळाली. नावापुढे शेरा होता: सभासद नाही. आणि त्याच ओळीत जागा: बनहिल फील्ड्स, क्वेकरांची स्वतःची दफनभूमी.

सासूबाईंनी ती ओळ बोट ठेवून तीनदा वाचली. "म्हणजे आपल्यातच पुरलं तिला," त्या म्हणाल्या. राग कुणावर ठेवायचा हे त्यांना कळेना, असं मला वाटलं.

त्या दफनभूमीची आता छोटी बाग झाली आहे. १६६१ पासून १८५५ पर्यंत इथे हजारो माणसं पुरली गेली. पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स १६९१ पासून इथेच आहे. त्याच्या नावाचा एक दगड आहे, पण तो नेमका त्याच्या कबरीवर आहे असं नाही. काही मिनिटांच्या अंतरावर याच नावाची दुसरी, मोठी दफनभूमी आहे. तिथे बनियन, डिफो, ब्लेक आहेत, त्यांचे दगड आहेत, ते बघायला येणारे लोक आहेत. इथे डबा खाणारे लोक होते आणि फुटबॉल खेळणारी दोन मुलं.

"नेमकी कुठे?" सासूबाईंनी विचारलं. मी हात फिरवून सगळी बाग दाखवली.

आणलेली फुलं कुठे ठेवायची ते ठरेना. शेवटी एका झाडाच्या बुंध्याशी ठेवली. बागेच्या कडेला क्वेकरांचं एक लहानसं सभागृह अजून आहे. दारावर सभेची वेळ लिहिली होती. सासूबाईंनी चष्मा लावला आणि फोनवर तिचा फोटो काढला.