मागच्या आसाची जोडी

दिवाळीच्या सुट्टीत कोणी काश्मीरला जातात, कोणी कन्याकुमारीला. आमची यात्रा मात्र बोईसरपर्यंतच झाली, आणि तीही देवदर्शनासाठी नव्हे, तर मोटारीच्या मागच्या आसातली दोन दातेरी चाके बदलून घेण्यासाठी! हे ऐकून शेजारीपाजारी हसले. वाचकांनीही हसायला हरकत नाही. फक्त आधी सारी हकिगत ऐकून घ्यावी.

आमची गाडी १९७१ची फियाट ११०० डिलाइट. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जन्मलेली. हिचीच धाकटी बहीण पद्मिनी. ती मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून राबून ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली. आमच्या गाडीला गिअर चारच, आणि त्यांचा दांडा स्टिअरिंगपाशी. अप्पांनी ही गाडी घेतली तेव्हा ते तारापूरच्या अणुवीज केंद्रात नोकरीला होते. मुंबईहून बोईसरला जाताना ते गाडी चालवीत आणि वाटभर गोष्टी सांगत. आम्हां मुलांना प्रवास म्हणजे त्या गोष्टीच वाटत.

आता अप्पा ८६ वर्षांचे आहेत. आई गेल्यापासून बोलणे कमी झाले आहे आणि ऐकू येणे त्याहून कमी. ‘एकदा तारापूर बघून येऊ,’ असे तेच म्हणाले, म्हणून निघालो. विरार फाटा मागे पडला, मी ८०चा वेग धरला आणि गाडीने सूर लावला. पुढून इंजिनाचा घोंगाट, मागून झिजलेल्या दात्यांचे रडगाणे. मी ओरडून विचारले, “अप्पा, आई पहिल्यांदा इकडे आली तेव्हा काय म्हणाली होती?”

“काय?”

पुन्हा विचारले. पुन्हा “काय?” तिसऱ्या वेळी मी म्हणालो, “काही नाही.”

गाडीत नेमके काय बिघडले आहे, ते मला त्या ‘काही नाही’ने सांगितले.

मनोर ओलांडून चिल्हार फाट्याला डावीकडे वळलो आणि बोईसर गाठले. औद्योगिक वसाहतीच्या कडेला आमच्या ओळखीच्या मिस्त्रींचे गॅरेज आहे. माणूस सत्तरीचा, मूळचा चिंचणीकडचा. या किनाऱ्यावरच्या गावांतून सोन्याचांदीच्या दागिन्यांचे डाय घरोघर कोरले जातात. मिस्त्रींच्या घरीही तेच चाले. त्यामुळे पोलादावर कानस कशी चालवावी, हे त्यांना लहानपणीच समजलेले.

माझा बेत मोठा होता. दुसऱ्या गाडीचा पाच गतींचा गिअरबॉक्स बसवायचा आणि मागच्या आसाची जोडीही बदलायची. मिस्त्रींनी ऐकून घेतले आणि गाडीच्या तळाच्या पत्र्यावर बोट आपटले.

“भाऊ, तो बसेल. पण दांडा वर काढायला हा पत्रा कापावा लागेल, मागे जाणारा शाफ्टही आखूड करावा लागेल. गाडी पळेल, पण साहेबांची गाडी राहायची नाही.”

त्यांच्या बोलण्यात कायद्याचाही मुद्दा होता. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची, तर सांगाडा, कवच आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. मी पत्रा कापण्याचा हट्ट सोडला. जुनाच गिअरबॉक्स उघडून त्याची बेअरिंगे बदलायची आणि मागची जोडी नवी घालायची, असे ठरले.

जोडी मी महिनाभर मुंबईच्या जुन्या सामानाच्या बाजारात हिंडून मिळवली होती. मिस्त्रींनी आधी दोन्ही चाकांवरचे आकडे ताडून पाहिले. ही चाके एकमेकांवर घासूनच तयार करतात. एक या घरचे आणि दुसरे त्या घरचे, असा संसार येथे चालत नाही. मग दाते मोजले. जुन्या जोडीत मोठ्या चाकाला ४३ आणि लहानाला १०. म्हणजे मागची चाके एकदा फिरायला शाफ्टने ४.३ वेळा फिरायचे. नव्या जोडीत ४१ आणि १०. हिशेब केला, तर ८०च्या वेगाला इंजिनाचे मिनिटाला सुमारे दीडशे फेरे वाचत होते.

“एवढेच?” मी विचारले.

“एवढेच. बाकीचा आवाज झिजेचा आहे, तो नव्या दात्यांनी जाईल. पण फुकट काही नाही हां. चढाला जोर कमी पडेल.”

दात्यांना तेलात कालवलेला शेंदूर फासून त्यांनी चाक हाताने फिरवले. शेंदूर पुसला जाईल तेथे दाते टेकतात. ती खूण दात्याच्या मध्यावर हवी. टोकाला किंवा मुळाशी गेली, तर गाडी ओरडते आणि दाते लवकर जातात. कागदासारख्या पातळ चकत्या घालून-काढून त्यांनी चार वेळा जुळणी केली, तेव्हा कोठे त्यांचे समाधान झाले.

यात दोन दिवस गेले. संध्याकाळी आम्ही चिंचणीच्या किनाऱ्यावर बसलो. अप्पा तारापूरच्या दिशेने पाहत म्हणाले, “२८ ऑक्टोबर १९६९ला केंद्र सुरू झालं. दोन संच, २१० मेगावॉटचे. पुढे १६०वर आणले. यंत्राकडे झेपेल तेवढंच मागावं, म्हणजे ते साथ देतं.” त्या दिवसातले त्यांचे तेच सर्वांत लांब भाषण.

परतताना मुद्दाम पालघरवरून आलो. हुतात्मा चौकात अप्पांनी हात जोडले. १४ ऑगस्ट १९४२ला पालघरचे पाच जण गोळीबारात पडले, त्यांचे ते स्मारक. पुढे वाघोबा खिंड लागली आणि मिस्त्रींचा शब्द खरा ठरला. पूर्वी जो चढ गाडी चौथ्यात रेटून नेई, तेथे मला तिसरा टाकावा लागला. ट्रकवाले मागून भोंगे वाजवीत होते. मस्तान नाक्याला महामार्गावर आलो, ८०चा काटा गाठला आणि मी कान टवकारले. इंजिन बोलत होते, पण ओरडत नव्हते. मागचे रडगाणे पार थांबले होते.

थोड्या वेळाने अप्पांनी माझ्याकडे मान वळवली.

“अरे, येताना काय विचारत होतास?”

मी साध्या आवाजात विचारले. ते हसले.

“तुझी आई? समुद्र दाखवला, केंद्र दाखवलं. सगळं बघून म्हणाली, ‘ते राहू द्या, इथे भाजी कुठे मिळते?’”

मग आईची भाजी, तिचा पहिला पावसाळा, वसाहतीतले शेजारी, असे एकामागून एक निघत गेले. विरार फाटा कधी आला, कळलेही नाही.